अंकुशी रुपयावरची बाई

१

पोहे-चहा आटोपले, देवव्रत विक्रोळीच्या ऑफिसला गेला, इराची शाळेची बस गेली, की गार्गी जेवणाचं टेबल पुसायची, त्यावर काळं कापड अंथरायची आणि भिंग घेऊन बसायची. घाटकोपरची एक कंपनी जुन्या नाण्यांचे लिलाव करते, तिच्यासाठी ती नाणी तपासायची. खरं की खोटं, कुठल्या टाकसाळीतलं, किती झिजलेलं, सगळं बघून चार ओळी लिहून द्यायच्या. मुलुंडच्या नवघर रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये लग्न होऊन आल्यापासून एवढी एकच गोष्ट तिची स्वतःची होती. बाकी घर आधीच लागलेलं होतं. मीठ कुठल्या बरणीत, चादरी कुठल्या कप्प्यात, पडदे कुठल्या रंगाचे, सगळं चेतनाने ठरवलेलं. चेतना म्हणजे देवव्रतची पहिली बायको. तीन वर्षांपूर्वी साधा ताप काय आला, आठवड्यात गेली.

गार्गी म्हणायची, मला त्याचं काही वाटत नाही. बरण्यांचं खरंच वाटत नव्हतं. वाटायचं ते इराचं. आठ वर्षांची पोरगी, घारे डोळे, गालाला खळी, आणि गार्गी जवळ गेली की दोन पावलं मागे. 'गार्गीमावशी' म्हणायची, तेही पाहुण्या बाईला म्हणावं तसं. केसांना हात लावू द्यायची नाही. आपल्याला मूल होणार नाही हे गार्गीला लग्नाआधीच कळलं होतं, देवव्रतलाही तिने स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे आई म्हणून कोणी हाक मारायची असेल तर ती या घाऱ्या डोळ्यांच्या पोरीनेच. ती हाक ऐकायला गार्गी आसुसली होती, आणि हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं.

एका शुक्रवारी सासूबाई देवघरातून उठून थेट तिच्याकडे आल्या. सुलक्षणाबाई तशा मोजकं बोलणाऱ्या. काळ्या दोऱ्यात ओवलेलं, वर कडी लावलेलं एक चांदीचं नाणं त्यांनी पुढे केलं.

"हे घाल गं गळ्यात. घरातलं आहे, जुनं. काढू मात्र नकोस."

गार्गीने बघताक्षणी ओळखलं. पेशवाईतला रुपया, फारसी अक्षरांचा, कोपऱ्यात हत्तीच्या अंकुशाची खूण. अंकुशी रुपया म्हणतात त्याला. झिजून बराच गुळगुळीत झालेला. दुसरी कोणी असती तर विचारलं असतं, मी का घालू, काढायचं का नाही. पण नाण्यांच्या माणसाच्या हातात नाणं दिलं की त्याची अक्कल तिथेच अडकते. शिवाय या घरात तिला कोणी आपणहून काही दिलं, ते पहिल्यांदाच. तिने दोरा तिथल्या तिथे गळ्यात बांधला आणि सासूबाईंच्या पाया पडली.

२

दुपारी तिने सवयीने चष्मा कपाळावर सरकवला, दोरा न काढताच रुपया दिव्याखाली धरला, आणि थांबली.

अक्षरांच्या मधल्या सपाट जागेत काहीतरी होतं.

आता हे जरा समजून घ्यायला हवं. पूर्वी राज्य बदललं की जुनं नाणं वितळवत बसायला सगळ्यांनाच सवड नसायची. जुन्यावरच नवा ठसा ठेवून हातोडा हाणायचे. जुनं पुसलं जायचं, पण पार नाही. नव्या अक्षरांच्या फटीत जुन्याची एखादी रेघ, एखादा ठिपका तग धरून राहायचा. तो शोधायचा म्हणजे उजेड वरून पाडायचा नाही, बाजूने आडवा पाडायचा आणि नाणं हळूहळू फिरवायचं. गार्गीचा यात हातखंडा होता.

तिने दिवा आडवा केला. उभ्या, बारीक, एकमेकींना लागून असलेल्या रेघा उठल्या. लुगड्याच्या निऱ्या. वर कंबर, मग छातीशी जोडलेले हात. एक बाई उभी होती. देवघरात चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव नि पूर्वज असतात ना, ज्यांना टाक म्हणतात, त्यातल्या बाईसारखी बाई.

तिने फोटो काढून शौनकला पाठवला. शौनक त्याच कंपनीत, तिच्याआधीपासून या धंद्यात मुरलेला. लगेच फोन आला.

"काय झकास चीज आहे यार! कुठे मिळाली?"

"सासूबाईंनी दिली."

"नशीब बघ. माझ्या सासूने मला कुकर दिला."

"ऐक ना रे. टाकावर रुपयाचा ठसा मारलाय असं वाटतंय."

"छे! टाकाचा पत्रा केवढासा असतो. त्यावर टाकसाळीतला हातोडा पडला तर चिंध्या होतील. वजन केलंस?"

केलं होतं. वाकून, दोरा गळ्यातच ठेवून, नाणं काट्यावर टेकवलं होतं, आणि कडी वजा करता ते रुपयाचंच भरलं होतं.

"मग झालं तर. ठसा सरकला असणार. एकच अक्षर दोनदा उठलं की त्यात बाई दिसते, बुवा दिसतो, रिक्षासुद्धा दिसेल. तू आधी वरचं कोण आणि खालचं कोण ते बघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे जी न तुटता सलग जाते ती वरची. खालची चेपलेली असते. मग बोल."

बरोबरच होतं त्याचं. गार्गी हसली, आणि तेवढ्यात कुरिअरवाला आला म्हणून ते तसंच राहिलं.

३

सोमवारी सुलक्षणाबाईंचं मनगट दुखत होतं. बसची वेळ झालेली, इराचे केस मोकळे, आणि पोरगी रडवेली.

"ये, मी घालते," गार्गी म्हणाली. नेहमीप्रमाणे नाही म्हणेल असं वाटलं होतं. पण बस चुकेल या भीतीने इरा पाठ करून उभी राहिली. मान मात्र ताठ.

गार्गीला वेणी म्हणजे तीन पेडांची, तेवढीच येत होती. स्वतःचे केस तिने कॉलेजपासून कापलेले. तिने कंगवा फिरवला, बटा वेगळ्या केल्या, आणि खिडकीतून बस आली का बघत राहिली. हात आपले चालले होते. रबर लावताना तिने खाली बघितलं, तर वेणी पाच पेडांची होती. चपटी, घट्ट, एक केस बाहेर नाही.

इराने हात मागे नेऊन बोटांनी वेणी चाचपली. मग वळून गार्गीकडे बघितलं. त्या घरात इतके महिने राहून गार्गीकडे तिने असं कधी बघितलं नव्हतं.

"ही आईची वेणी आहे," ती म्हणाली.

"अगं, बघितली असेल मी कुठेतरी. मोबाइलवर वगैरे."

"आजीलापण नाही येत."

खाली बसचा हॉर्न वाजला आणि ती पळाली. संध्याकाळी अभ्यासाची वही घेऊन इरा आपण होऊन गार्गीच्या शेजारी बसली, इतकी जवळ की तिचं कोपर गार्गीला लागत होतं. गार्गीने बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, मनसोक्त रडून घेतलं. वेणी कुठून आली, हा प्रश्न तिला पडला होता. पण त्या दिवशी तिला उत्तर नको होतं, कोपर हवं होतं.

४

दिवस बरे चालले होते. म्हणजे इराच्या बाजूने तरी. ती आता गार्गीच्या हातचं जेवायची, झोपताना गार्गीलाच गोष्ट सांगायला लावायची. 'मावशी' म्हणणं तिने सोडलं होतं. दुसरं काही म्हणत नव्हती, नुसतं "अगं, ऐक ना" म्हणायची. देवव्रत खूष होता. "वेळ लागतो गं, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणून तो गार्गीच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मधेच, का कोण जाणे, तिच्याकडे टक लावून बघत राहायचा.

अंकुशी रुपयाचं राहून गेलेलं काम गार्गीने एका दुपारी काढलं. घरात कोणी नव्हतं. फ्रीजची घरघर आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज, बस. तिने रुपया दिव्याखाली धरला. दिवा अजून आडवा करायचा होता.

आडवा करायची गरजच पडली नाही. बाई सरळ दिसत होती.

तिने फोटो काढून शौनकला पाठवला.

"हे कुठलं?" त्याने विचारलं. "आधीचं पाठव ना."

"आधीचंच आहे."

"काहीतरीच काय! त्यात अक्षरं वाचता येत होती. यात अर्धी गेलीत. गार्गी, दोन नाणी आहेत तुझ्याकडे, उगाच माझी फिरकी घेऊ नकोस."

"कडेवरची खाच बघ."

त्याने दोन्ही फोटो पुन्हा उघडले. खाच तीच होती. कडी जोडल्याचा डाखही तोच.

"पॉलिश केलंस का?" त्याने विचारलं. आवाजात गंमत उरली नव्हती.

"नाही रे."

फोन ठेवून तिने भिंग डोळ्याला लावलं आणि निऱ्यांची एक रेघ धरून वर सरकत गेली. रेघ अक्षरापाशी पोचली. आता अक्षराने ती तोडायला हवी होती. रेघ तुटली नाही. अक्षराच्या अंगावरून सलग, धारदार वर गेली. दुसरी रेघही तशीच. तिसरीही. अक्षरंच चेपलेली होती.

म्हणजे बाई वरची होती. रुपया खालचा.

नाणं अंगावर घालून झिजतं. घामाने, कपड्याने, वर्षानुवर्षं, थोडं थोडं. त्यावर नवी रेघ उगवत नाही. गार्गीने हे दहा वेळा मनाशी म्हटलं. कोणीतरी मधे नाणं बदललं असेल. पण बदलणार कधी? तिने ते गळ्यातून काढलंच नव्हतं. फोटोतला उजेड वेगळा असेल. असेलही. मग तिचं लक्ष भिंगाकडे गेलं. ते तिच्या डाव्या हातात होतं, आणि डाव्या हातात ते इतकं नीट बसलं होतं की उजव्या हाताने कसं धरतात तेच तिला चटकन आठवेना.

५

सुलक्षणाबाई बाजारातून आल्या, ओट्याशी बसून मेथी निवडायला लागल्या. गार्गीही समोर बसली. पाल्हाळ लावायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"आई, यावर सोनाराकडून बाई उठवून घेतलीत का तुम्ही?"

सुलक्षणाबाईंचा हात थांबला. "कसली बाई?"

"मी काय विचारते ते कळतंय तुम्हाला."

त्यांनी जुडी बाजूला ठेवली. "आमच्याकडे पद्धत आहे गं. दुसरेपणाच्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. सवत म्हणतात त्याला. गेलेलीचा मान राहतो, ती घरात शांत राहते. माझ्या आत्याने घातली होती. पण तू शिकलेली. बाईचं चित्र बघितलंस तर विचारशील, वाईट वाटेल तुला, देवव्रत माझ्यावर ओरडेल. म्हणून मी चित्र उठवलंच नाही. घरातला जुना झिजका रुपया घेतला. चेतनाचं नाव घेतलं, हळदकुंकू वाहिलं, तुला दिला. नावापुरतं. त्यात काय एवढं?"

"म्हणजे तिला जागा दिलीत, पण रूप नाही दिलंत."

सुलक्षणाबाईंना ते समजलं की नाही, कोण जाणे. त्या दोऱ्याकडे बघत होत्या. गार्गीने रुपया उचलून त्यांच्यासमोर धरला. त्यांना भिंग लागलं नाही. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"आई, चेतना डावखुरी होती?"

सुलक्षणाबाईंनी गार्गीच्या हातांकडे बघितलं. बोलता बोलता गार्गी मेथी निवडत होती. डाव्या हाताने, देठ अंगठ्याने मोडत, पटापटा.

"काढ ते," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढ. चुकलं माझं. काढ गं बाई."

गार्गीने मानेमागे हात नेला. गाठ सापडली. तेवढ्यात नुसतं लोटलेलं दार उघडलं, दप्तर आपटल्याचा आवाज झाला.

"आई!"

इरा होती. दारातून धावत आली आणि गार्गीच्या कमरेला मिठी मारून तिच्या पोटात तोंड खुपसलं. "आई, मला चित्रकलेत पहिला नंबर मिळाला!"

सुलक्षणाबाईंनी पदर तोंडाला लावला. गार्गीचा हात गाठीवर होता. तिला सगळं समजत होतं, अगदी लख्ख समजत होतं. तिने गाठ सोडवली नाही. दोन्ही हात खाली आणले आणि लेकीला उचलून घेतलं.

६

पुढे काही दिवस तिने रुपयाकडे बघितलंच नाही. घाटकोपरहून आलेली पाकिटं न फोडता पडली होती. शौनकचे फोन ती घेत नव्हती. घरात तिला शोधावं लागत नव्हतं काही. अंधारात हात घातला तरी हवी ती बरणी हाताशी यायची. बरं वाटायचं. आपल्याला इतकं बरं का वाटतंय, याचीच कधी कधी दुपारी एकटी असताना भीती वाटायची.

रविवार होता. देवव्रत कुठेसा गेला होता, इरा जेवून झोपली होती, खिडकीतून ऊन टेबलापर्यंत आलं होतं. गार्गीने लॅपटॉपला सूक्ष्मदर्शक जोडला आणि गळ्यातूनच रुपया त्याखाली सरकवला. पडद्यावर बाई उभी राहिली. अक्षरं संपली होती. अंकुशाचं टोक तेवढं एका कोपऱ्यात होतं. टाकावरच्या बायकांना चेहरा म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ. हिला गाल होते. उजव्या गालाला इरासारखी खळी होती.

गार्गी रडली नाही, किंचाळली नाही. ती कामाची बाई होती. नाणं तपासायचं तर दोन्ही बाजू बघायच्या, हे पहिल्या दिवशी शिकवतात. आणि तिने या नाण्याची दुसरी बाजू एकदाही बघितली नव्हती. ती सतत छातीला टेकलेली असायची.

तिने रुपया उलटा केला.

आधी वाटलं, सपाट आहे. मग ऊन जरा आडवं आलं. खोल तळाशी, चेपलेली, जागोजागी तुटलेली अशी एक बाई होती. हिचे केस खांद्यापर्यंतच होते. एकही रेघ सलग नव्हती. चेहऱ्याच्या जागी काही उरलं नव्हतं, फक्त दोन बारीक गोल आणि त्यांना जोडणारी दांडी. चष्मा. आणि बघता बघता त्यातला एक गोल अस्पष्ट झाला.

तिने कात्री घेतली आणि दोरा कापला.

७

रुपया टेबलावर पडला, त्याच्या आवाजाने असेल, इरा जागी झाली. डोळे चोळत बाहेर आली. गार्गी तिच्याकडे वळून हसली. इरा जागच्या जागी थांबली. दोन पावलं मागे गेली.

"मावशी," ती म्हणाली, "आई कुठे गेली?"

"अगं, मी आहे ना. मीच."

"तू नाही. आई होती. आत्ता होती."

ती आतल्या खोलीत गेली. मग स्वयंपाकघरात, मग बाल्कनीत. पडद्यामागे बघितलं, कपाट उघडून बघितलं. आधी नुसतं बघत होती, मग हाका मारायला लागली. तीन वर्षांपूर्वी ती पाच वर्षांची होती. तेव्हा आई गावाला गेली असं सांगितलं होतं आणि तिने ते खरं मानलं होतं. तेव्हाचं न रडलेलं रडं आता एकदम फुटलं. सोफ्यामागे भिंतीशी अंगाचं मुटकुळं करून ती ओक्साबोक्शी रडत होती. गार्गीने हात लावला तर तिने तो झिडकारला.

"तू तिला कुठे ठेवलंस?" ती ओरडली. "दे ना मला! दे ना गं!"

सुलक्षणाबाई धावत आल्या. टेबलावरचा रुपया बघून त्यांना सगळं कळलं. "रडू दे," त्या हळूच म्हणाल्या. "आज रडेल, उद्या रडेल. पोरं विसरतात."

"विसरली होती का?"



गार्गीने विचार केला. खरोखर केला, शेवटचं एकदा डोकं ताळ्यावर ठेवून. रुपया खाडीत फेकून देता येईल. इरा महिनाभर, वर्षभर रडेल. मग परत पाहुणीसारखी मावशी म्हणायला लागेल. आपण आपल्या टेबलाशी, आपल्या नावाने, आपल्या उजव्या हाताने काम करत राहू. आणि या पोरीची आई दुसऱ्यांदा गेलेली असेल, आणि ती आपण घालवलेली असेल. तिला भीती वाटत होती. मरायची भीती असती तर बरं, ही त्याहून वाईट होती. मरणाऱ्यासाठी कोणीतरी रडतं तरी.

इराचा आवाज बसला होता. नुसता श्वास अडखळत होता.

गार्गीने कापलेल्या दोऱ्याची टोकं उचलली.

"नको," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "गार्गी, नको गं. माझं ऐक. गार्गी!"

तिने सोफ्याशी खाली बसून गाठ मारली. रुपया छातीला लागला, गार. मग लगेच गार वाटेनासा झाला.

सोफ्यामागून इराने डोकं वर काढलं. क्षणभर बघितलं आणि रांगतच येऊन मांडीत शिरली. "कुठे गेली होतीस?" तिने विचारलं.

"कुठे नाही गं. इथेच."

रडून रडून दमलेलं लेकरू तिथेच झोपलं. खालच्या रस्त्यावर मुलांचा क्रिकेटचा डाव रंगला होता. सासूबाई देवघराच्या दाराशी मटकन बसल्या होत्या आणि उगाचच डोळे पुसत होत्या. ऊन टेबलावरून सरकलं. टेबलावर कोणाचा तरी चष्मा पडला होता, काळं कापड पसरलेलं होतं. झोप झाली इराची की आवरायला हवं, तिला वाटलं. खूप दिवस परगावी राहून घरी यावं तसं तिला शांत वाटत होतं. दाराचं कुलूप उघडलं, देवव्रत आला. "गार्गी," त्याने हाक मारली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "गार्गी!" गार्गी म्हणून कोण आलंय आज घरी, तिने क्षणभर विचार केला. मग तिला त्याचा रागच आला. पोर आत्ता कुठे झोपली होती.